नाथांचा प्रपंच

आज फाल्गुन वद्य षष्ठी. शके १५२१ मध्ये याच तिथीला श्रीएकनाथ महाराजांनी पैठणक्षेत्री गोदामाईच्या प्रवाहात देह विसर्जिला. नाथांची शांती वर्णिताना आम्ही कीर्तनकार बहुधा अंगावर थुंकणाऱ्या यवनाची कथा लावतो. ती गोडच आहे. परंतु परक्याचा उपद्रव एक वेळ सोसवतो. पोटच्या पुत्राने पाठ फिरविली असता मन निवांत राखणे महाकठीण. म्हणून आज वाचकांना आम्ही नाथांच्या उंबरठ्याच्या आत नेणार आहो.

मातापित्यांचे छत्र बालपणीच हरपले. आजोबा चक्रपाणी यांनी सांभाळ केला. पुढे देवगिरीस जनार्दनस्वामींची सेवा घडली. तीर्थाटनाहून परतताना पैठणास वृद्ध आजोबांनी गुरूंचे आज्ञापत्र हाती दिले आणि नाथ तेथेच थांबले, अशी परंपरा सांगते. गुरुआज्ञेनेच गिरिजाबाईंशी विवाह झाला. नाथांनी संसार पत्करला तो असा, परमार्थाचेच अंग म्हणून.

गिरिजाबाईंचे नाव आमच्या कीर्तनांतून ओझरते येते, हे आम्हांस उणे वाटते. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी दारावरून जाणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या कुटुंबाला वाढला, ब्राह्मण रुसले. त्या दिवशी पुन्हा चूल सारवून दुसरा स्वयंपाक रांधला तो कोणी? त्या माउलीनेच.

आता पुत्राची कथा. हरिपंडित शास्त्रांत निष्णात. पित्याने प्राकृतात पुराण सांगावे, परान्न घ्यावे, हे त्यांस रुचेना. ते घर सोडून काशीस गेले. ज्या काशीत शके १४९५ च्या, म्हणजे १५७३ सालच्या, कार्तिकी पौर्णिमेस नाथांचे मराठी भागवत पूर्ण झाले, त्याच काशीत पुत्र मराठीवर रुसून बसला!

नाथ स्वतः काशीस गेले. मराठीत पुराण सांगायचे नाही, परान्न घ्यायचे नाही, या दोन्ही अटी त्यांनी मान्य केल्या. अवघ्या जन्माचे व्रत त्यांनी लेकासाठी बाजूस ठेवले. पुढे वाड्यात हरिपंडितांचे संस्कृत प्रवचन सुरू झाले आणि श्रोते ओसरू लागले. आम्हीही संस्कृताचेच अन्न खातो. तरी रिकाम्या होत जाणाऱ्या त्या सभेचे चित्र आम्हांस अस्वस्थ करते. नाथ मात्र चकार शब्द न काढता श्रोता होऊन बसत.

पुढे सहस्रभोजनाचा नवस फेडू न शकणाऱ्या एका गरीब बाईच्या घरी नाथ जेवावयास गेले. पुत्राच्या मनाला बाध नको म्हणून स्वयंपाक हरिपंडितांनीच केला. भोजनोत्तर त्यांनी पत्रावळ उचलली तो खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा सहस्र पत्रावळी निघाल्या. हरिपंडितांनी पित्याचे चरण धरले. वाड्यात मराठी पुराण पुन्हा सुरू झाले.

त्या घराचा परीघ रक्ताच्या नात्यापुरता नव्हता. उद्धव सेवेला होता. पुरणपोळीच्या ओढीने आलेला गावबा पंक्तीला बसत असे. नाथांचे भावार्थरामायण युद्धकांडात अपुरे राहिले. कन्येचा पुत्र मुक्तेश्वर पुढे थोर कवी झाला खरा. पण ते रामायण पूर्ण करण्याचे भाग्य, परंपरेनुसार, त्या गावबाच्याच वाट्यास आले.