जपानला बॅलेची ओढ लावणारी हंसिनी

सेंट पीटर्सबर्गमध्ये १८८१ साली एका धोबिणीच्या पोटी जन्मलेल्या अ‍ॅना पावलोव्हा यांनी बालपणी ‘स्लीपिंग ब्यूटी’ पाहिला आणि नर्तिका होण्याचा ध्यास घेतला. प्रथम नकार मिळूनही १८९१ मध्ये त्यांनी इम्पिरियल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळवला. पुढे राजाश्रयाची सुरक्षितता सोडून स्वतःच्या पथकासह त्यांनी जग पालथे घातले.

१९२२ मध्ये त्यांनी ‘डाइंग स्वान’ जपानी रसिकांपुढे सादर केले. अनेक तरुणांना तेथेच बॅलेची ओढ लागली. १९२३ मध्ये लंडनमध्ये उदय शंकर यांच्यासह त्यांनी राधा-कृष्ण साकारले.

अखंड प्रवासाने शरीर थकले, पण दौरे थांबले नाहीत. २३ जानेवारी १९३१ रोजी हेग येथे, दौऱ्यावर असतानाच, पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांची प्राणज्योत मालवली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ‘टोकियो बॅले’ने पुढे हीच कला युरोपच्या रंगमंचावर नेली.