स्वामी रामानंद तीर्थ

इंग्लंडात राजा सिंहासनावर बसतो. परंतु कारभार चालवितात ते पार्लमेंटला जबाबदार असलेले मंत्री. लोकांच्या प्रतिनिधींचा विश्वास उडाला, की त्या मंत्र्यांना पायउतार व्हावे लागते. राजाचा मान राहतो आणि सत्ता लोकांची राहते. हैदराबाद संस्थानातही निजाम गादीवर राहावा, पण त्याचे मंत्री लोकांना जबाबदार असावेत, एवढेच मागणाऱ्यांना १९३८ मध्ये तुरुंगात जावे लागले. त्यांच्यातील एक होते स्वामी रामानंद तीर्थ.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापूर, अमळनेर व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम केल्यावर ते मराठवाड्यात आले व हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. तेथेच त्यांनी संन्यास घेतला. संन्यासी माणूस बहुधा संसाराकडे पाठ फिरवितो. स्वामीजींनी मात्र लोकांचा संसार हाच आपला मानला. पुढे अंबाजोगाईच्या शाळेतही त्यांनी मुलांना शिकविले.

त्या काळी नांदेड, लातूर आणि सारा मराठवाडा निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राज्यात होता. ह्या राज्यात दीड कोटीहून अधिक लोक राहत. बहुतेकांची भाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी. कारभार मात्र उर्दूत चाले. निजामाचे फर्मान हाच कायदा होता. मंत्री तोच नेमी आणि तोच काढी. साधी सभा भरवावयाची, तरी सरकारची परवानगी लागे. ज्यांच्या करांवर राज्य चाले, त्यांना कारभाराविषयी विचारण्याचा अधिकार नव्हता.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले. निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती, हे तिचे ध्येय होते. तरीही संस्था जन्माला येण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. तेव्हा कार्यकर्त्यांनी सत्याग्रह आरंभिला. शिक्षकाचे काम सोडून स्वामीजी त्यात उतरले आणि त्यांना कारावासाची शिक्षा झाली. ही बंदी १९४६ पर्यंत उठली नाही. पुढे सरकारने विधिमंडळाची योजना आणली; पण मंत्री त्या मंडळाला जबाबदार नव्हते. अधिकार नसलेले मंडळ म्हणजे नुसता देखावा होय, हे ओळखून स्टेट काँग्रेसने त्या निवडणुकांवर बहिष्कार घातला.

१९४७ मध्ये इंग्रज जाणार हे निश्चित होताच आपण स्वतंत्र राजे आहोत, असे निजामाने जाहीर केले. आता प्रश्न केवळ मंत्र्यांचा राहिला नाही. एका माणसाच्या इच्छेने कोट्यवधी लोकांचे भवितव्य ठरावे काय, असा तो प्रश्न होता. संस्थान भारतात विलीन व्हावे, अशी स्वामीजींनी मागणी केली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशभर तिरंगा फडकत असताना हैदराबादेत स्वामीजी कैदेत पडले. काही काळ सुटका झाली, पण १९४८ च्या आरंभी त्यांना पुन्हा पकडण्यात आले.

त्यानंतर रझाकारांनी प्रजेवर जुलूम मांडला. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील होता. तथापि हा लढा दोन धर्मांतील नव्हता. विलीनीकरणाची बाजू मांडणारे संपादक शोएबुल्ला खान यांचीही ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. अखेर १३ सप्टेंबर रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला. स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले.

२६ जानेवारी १९५० पासून भारताच्या संविधानाप्रमाणे निजाम हैदराबादचे राजप्रमुख झाले. १९५२ मध्ये प्रौढ मतदानाने निवडणूक होऊन लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, आणि ज्यांच्या फर्मानाने मंत्री बदलत, तेच आता मंत्र्यांच्या सल्ल्याने वागू लागले. १९३८ च्या सत्याग्रहींनी ह्याहून अधिक काय मागितले होते? तेव्हा ते मान्य झाले असते, तर अनेकांचे प्राण वाचले असते.

स्वामीजी मुख्यमंत्री झाले नाहीत. ते लोकसभेत निवडून गेले. हैदराबाद राज्य मोडून त्याचे भाग भाषेनुसार शेजारच्या राज्यांना जोडावेत, असा त्यांनी आग्रह धरला. १९५६ मध्ये तसे झाले आणि राजप्रमुखपदही संपले. लोकांना सत्ता मिळाली, तरी ती चालविण्यास ज्ञान हवे, हे शिक्षक असलेल्या स्वामीजींना ठाऊक होते. म्हणून १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव देण्यात आले.

सिंहासन वारशाने मिळते. राज्य करण्याचा अधिकार मात्र प्रजेच्या संमतीवाचून टिकत नाही. स्वामीजींनी आपले सारे आयुष्य ह्या एका गोष्टीसाठी वेचले.