सर्पगंधेची मुळी आणि डॉ. रुस्तम वकील

जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला स्वतः गाडी चालवत जाणारे साठी-सत्तरीतले लोक आता सर्रास दिसतात. लग्नकार्य असतं, शेतावर चक्कर असते, नातवंडांना भेटायचं असतं. सकाळी चहा-नाश्ता झाला की बीपीची गोळी घ्यायची आणि निघायचं. ही गोळी गाडी चालवताना आपल्यावर काय परिणाम करते, हे मात्र क्वचितच कुणी डॉक्टरांना विचारतं. रक्तदाबावरच्या सुरुवातीच्या औषधांपैकी एक औषध जगासमोर आणणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरच्या आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ सालचा, मुंबईच्या पारशी कुटुंबातला. लंडनमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेऊन ते मुंबईला परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले. हृदयविकार हा त्यांचा विषय. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. मीठ बंद करणं, विश्रांती, झोपेचं औषध आणि काही रुग्णांवर अवघड शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये ६३व्या वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब बराच काळ वाढलेला होता. जगातल्या सर्वात ताकदवान माणसाच्या डॉक्टरांकडेही त्यावर नेमकं औषध नव्हतं.

आपल्याकडे मात्र सर्पगंधेची मुळी पिढ्यानपिढ्या वापरात होती. वेड लागलेल्या माणसाला शांत करायला आणि झोप आणायला वैद्य ती देत. ही मुळी रक्तदाबही उतरवते, हे कोलकात्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ मध्ये लिहून ठेवलं होतं. पण परदेशात त्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

डॉ. वकील यांनी हे औषध आपल्या रुग्णांना देऊन पाहिलं. एकदोघांना गुण आला म्हणून त्यांनी गवगवा केला नाही. रुग्णांचा रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला, नोंदी ठेवल्या आणि ५० रुग्णांवरची निरीक्षणं १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. त्या लेखामुळे चित्र बदललं. बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी अमेरिकेत हे औषध वापरायला सुरुवात केली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ मध्ये पद्मभूषण. रेसरपिन असलेल्या ‘ॲडेल्फेन’ गोळ्या आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या उशाशी असत.

पण या औषधाला दुसरीही बाजू होती. रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली रसायनं रिकामी करतं. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो. हीच रसायनं मेंदूतही असतात. तिथला साठा घटला की सुस्ती येते, उत्साह जातो, काहींना नैराश्य येतं. उठून उभं राहताना चक्करही येते. शिवाय हा परिणाम हळूहळू चढतो आणि औषध बंद केल्यावरही काही दिवस टिकतो. त्यामुळे आपल्या मंदपणाचं कारण गोळी आहे, हे रुग्णाच्या लक्षातच येत नाही. वयामुळे असेल, असं म्हणून तो गप्प बसतो. पुढे अधिक सुरक्षित औषधं आली आणि रेसरपिन मागे पडलं. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत, अशा औषधांच्या अमेरिकेतल्या यादीतही त्याचं नाव आलं.

आजच्या बीपीच्या बहुतेक गोळ्या गुंगी आणत नाहीत. तरी डोस नवा असेल किंवा वाढवला असेल, तर चक्कर येऊ शकते. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात जास्तच जपायला हवं, कारण घामाने आणखी पाणी जातं आणि रक्तदाब एकदम उतरतो. प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांची गुंगी वाढत्या वयात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रेंगाळते. सर्दीच्या गोळ्या, ट्रॅमाडोलसारखी वेदनाशामकं यांनीही पेंग येते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकवलं तर साखर उतरते, हात थरथरतात आणि समोरच्या ट्रकचं अंतर कळेनासं होतं.

चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. पण दाखला काही वर्षांतून एकदा मिळतो, गोळ्या मात्र मधल्या काळात कितीदा तरी बदलतात. म्हणून नवी गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला, की तिचा आपल्यावर काय परिणाम होतो हे कळेपर्यंत काही दिवस गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी. सर्व डॉक्टरांच्या सर्व गोळ्यांची एकच यादी करून खिशात ठेवावी. गाडी चालवायची आहे म्हणून कुठलीही गोळी मनाने बंद करू नये, कारण चढलेला रक्तदाबही रस्त्यावर घात करू शकतो. गोळीची वेळ किंवा प्रकार डॉक्टर बदलून देऊ शकतात.

डॉ. वकील १९७४ मध्ये गेले. रुग्णाला नीट विचारावं, नीट पाहावं, हे शिकवणारं त्यांचं आणि डॉ. गोलवाला यांचं रोगपरीक्षणाचं पुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वाचलं. तुमच्या डॉक्टरांनी गाडीबद्दल विचारलं नसेल, तर पुढच्या भेटीत तुम्हीच सांगा की आपण स्वतः गाडी चालवतो, आणि किती लांब जातो.