विनयधर स्थविर उपाली

भगवान बुद्धांच्या संघात राजपुत्र होते, ब्राह्मण होते, श्रेष्ठी होते, तसे झाडूकाम करणारेही होते. या सगळ्यांत विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांचे, सर्वांत मोठे जाणकार ठरले ते कपिलवस्तूचे उपाली. शाक्य राजपुत्रांची हजामत करणे हा त्यांचा व्यवसाय.

अनुरुद्ध, भद्दिय, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे सहा तरुण प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा उपाली बरोबर होते. हद्द ओलांडल्यावर सहाही जणांनी अंगावरचे दागिने उतरवले, गाठोडे उपालींच्या हाती दिले आणि यावर तुझा चरितार्थ चालेल, आता घरी जा, असे सांगितले. उपाली माघारी वळले. पण वाटेत त्यांच्या मनात आले की शाक्य मोठे तापट, आपणच यांना पळवले असे समजून ते आपला जीव घेतील. आणि हे राजपुत्र घरदार सोडतात, तर आपण का नाही? त्यांनी गाठोडे झाडाला टांगले, ज्याला दिसेल त्याने खुशाल न्यावे म्हणून, आणि ते पुन्हा राजपुत्रांकडे गेले.

मल्लांच्या मुलखात अनुपिय गावी तथागत होते. तेथे राजपुत्रांनीच विनंती केली की आम्ही शाक्य फार गर्विष्ठ आहोत. उपालींना आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्यांना वंदन करावे लागेल आणि आमचा ताठा उतरेल. तसेच झाले. कालचा सेवक संघात ज्येष्ठ ठरला.

पण या मानाने उपाली फुगले नाहीत. एकदा त्यांनी एकांतात अरण्यवास करण्याची परवानगी मागितली. तथागतांनी दाखला दिला की खोल तळ्यात हत्ती मजेत डुंबतो, त्याचे बघून सशाने उडी घेतली तर तो बुडतो. उपाली, तुम्ही संघातच राहा, असे त्यांनी सांगितले. उपालींनी ते ऐकले. विनय हे आपले क्षेत्र, त्यात ते पारंगत झाले.

पुढे मोठमोठे थेर त्यांच्याकडे विनय शिकायला येऊ लागले. थेरांचा मान राखायचा म्हणून उपाली उभे राहून शिकवत, आणि धम्माचा मान राखायचा म्हणून थेरही उभेच राहत. दोघेही थकून जात. तेव्हा बुद्धांनी नियम केला की शिकवणारा संघात कनिष्ठ असला तरी त्याने बरोबरीच्या किंवा उंच आसनावर बसावे. तो मान ज्ञानाचा आहे.

महापरिनिर्वाणानंतरच्या पहिल्याच वर्षावासात राजगृहाला ५०० भिक्खूंची संगीती भरली. महाकश्यपांनी विनयाचे प्रश्न विचारले ते उपालींना. तेथे मी काय सांगणार, असा संकोच त्यांनी केला नाही. माहीत होते ते नीट सांगितले. त्यांच्याबरोबर निघालेला देवदत्त मात्र संघाचे पुढारीपण मागायला गेला आणि त्यापायी संघात फूट पाडून बसला.

आपल्या मागच्या पिढ्यांना मान खाली घालून चालायला लावले. ती नम्रता नव्हती, लाचारी होती. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला ती झुगारून दिली आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात उपालींच्या दीक्षेची हकीगत घेतली. आपल्या मुलाबाळांना ती जरूर सांगा. आपल्याला जे येत नाही ते येत नाही म्हणावे, आणि जे येते ते मान वर करून सांगावे. उपाली असेच जगले.

स्थविर उपालींना त्रिवार वंदन!