औंधच्या राजाचे रोजचे नमस्कार

अजिंठ्याला लेणी पाहायला जाणाऱ्याची पहिली गाठ पडते ती पायऱ्यांशी. बसमधून उतरून लेण्यांपर्यंत चढताना चाळिशीतल्या माणसांनाही धाप लागते, गुडघे बोलू लागतात आणि शेजारून डोली गेली की तिच्याकडे डोळे वळतात. यंदा वजन कमी करायचेच, असा निश्चय या पायऱ्यांवर किती जणांनी केला असेल! आणि परतीच्या वाटेवरच्या ढाब्यावर तो किती जण विसरले असतील!

याच लेण्यांत कधीकाळी एक संस्थानिक चित्रकारांना घेऊन आला होता. भिंतींवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेणारा हा राजा स्वतःही चित्रकार होता. अजिंठ्यावरचे त्याचे इंग्रजी पुस्तक 1932 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. तो राजा म्हणजे औंधचे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. महाराष्ट्र त्यांना आणखी एका गोष्टीसाठी ओळखतो, ती म्हणजे सूर्यनमस्कार.

भवानरावांचा जन्म 1868 चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले. त्या काळी युजेन सँडो या युरोपातल्या शरीरसौष्ठवपटूचे नाव जगभर गाजत होते. 1897 च्या सुमारास, वयाच्या तिशीकडे झुकताना, भवानरावांनी सँडोची पुस्तके आणि व्यायामाची साधने आणवली आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला.

पुढे 1908 च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सल्ल्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्काराला यंत्र लागत नाही, आखाडा लागत नाही, जोडीदारही लागत नाही. अंग पसरण्याइतकी जागा असली की झाले. हा बदल वरवर साधा वाटतो, पण व्यायाम टिकण्याचे एक मोठे रहस्य त्यात आहे. सुरू करायला जितके कमी सायास, तितकी ती गोष्ट रोज होण्याची शक्यता जास्त. पहाटे लांबच्या जिमला जायचे ठरवणाऱ्याला पाऊस, पाहुणे, बंद पडलेली गाडी असे कोणतेही कारण पुरते. अंथरुणाशेजारी सतरंजी टाकणाऱ्याला इतकी कारणे सापडत नाहीत.

1909 मध्ये भवानराव गादीवर आले. कारभार, चित्रकला, कीर्तने, ग्रंथांना आश्रय असा त्यांचा व्याप मोठा होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी औंध संस्थानात जागा मिळाली ती याच काळात. एवढ्या धबडग्यात नमस्कार टिकले, कारण ते वेळ उरला तर करायचे काम नव्हते. स्नान-पूजेसारखे ते दिवसाच्या सुरुवातीलाच बांधलेले होते. घरची माणसे त्यात सामील होती. संस्थानातल्या शाळांतही नमस्कार सुरू झाले.

व्यायामाबरोबर आहाराचाही त्यांनी विचार केला. साधे शाकाहारी अन्न, कोंड्यासकट धान्य, भरपूर भाज्या व फळे यांवर त्यांचा भर होता. आजच्या वैद्यकाशी हे जुळते. वजन उतरवण्यात मोठा वाटा आहाराचाच असतो. अर्धा तास चालून खर्च झालेली ऊर्जा एक वडापाव सहज भरून काढतो. मात्र उतरलेले वजन पुन्हा चढू नये म्हणून नियमित व्यायामाचा मोठा उपयोग होतो. एकाला सोडून दुसऱ्याच्या मागे लागणारे बहुधा फसतात.

1936 मध्ये भवानराव इंग्लंडला गेले, तेव्हा ते 67 वर्षांचे होते. त्यांची तब्येत पाहून तिथल्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी नमस्कारांविषयी लिहिले. 1938 मध्ये त्यांनीच संपादित केलेले भवानरावांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. त्यात नमस्काराच्या दहा स्थिती सांगितल्या आहेत.

भवानरावांचे सगळेच म्हणणे आज मान्य होणार नाही. नमस्कार आणि त्यासोबतचे मंत्रोच्चार यांतून बहुतेक व्याधी दूर होतात, असा त्यांचा विश्वास होता. तशा दाव्यांना शास्त्रीय आधार नाही. रक्तदाब आटोक्यात नसेल, हर्निया, हृदयविकार, कंबर किंवा गुडघ्याचे दुखणे असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नमस्कार सुरू करू नयेत.

पण त्यांची एक गोष्ट निर्विवाद घेण्यासारखी आहे. नमस्कार मोजता येतात. आज किती घातले, याचा हिशेब माणसाच्या हातात असतो. वजनाच्या काट्याचे तसे नाही. पहिल्या काही आठवड्यांत वजन झरझर उतरते, कारण त्यात पाण्याचा भाग मोठा असतो. मग ते अडते. शरीर लहान होते तशी त्याची ऊर्जेची गरजही घटते, भूक वाढते. नेमक्या याच टप्प्यावर उत्साह मावळतो आणि आपलेच काहीतरी चुकले असे वाटून माणूस सगळे सोडून देतो. खरे तर सुरुवातीच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के घट झाली तरी रक्तदाब व रक्तातली साखर सुधारू शकते. काटा थांबला तरी कमरेचा घेर घटत असेल, जिना चढताना धाप कमी लागत असेल, तर मेहनत वाया गेलेली नाही.

म्हणून काट्याकडे आठवड्यातून एकदा पाहावे आणि रोज वहीत नोंद करावी ती आपण काय केले याची. किती पावले चाललो, किती नमस्कार घातले, रात्री किती वाजता जेवलो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरपाईचे दुप्पट नमस्कार नकोत, उपासही नको. नेहमीचा नेम पुन्हा धरावा, एवढेच. सुरुवात चार-पाच नमस्कारांनी करून संख्या हळूहळू वाढवावी.

1939 मध्ये या राजाने प्रजेला स्वराज्याची घटना देऊन स्वतःची सत्ता सोडली. 1951 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांनी करून घेतलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती औंधच्या संग्रहालयात आहेत. अशी चित्रे एका बैठकीत होत नाहीत. आज एक हात, उद्या एक चेहरा, असे करत भिंत पुरी होते. शरीराचेही काम याच गतीने होते, आणि रोज उत्साह वाटलाच पाहिजे अशी त्याची अट नसते.