चार रुपये पगार, पण गोऱ्यांनाही नमवणारा बॉलर : पुण्यात घडलेल्या बाळू पालवणकरांची गोष्ट

पुणे : चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत आपल्या गावची किती पोरं ठेकेदारीवर आहेत, हे वेगळं सांगायला नको. काम पर्मनंटवाल्याचंच, पण पगार वेगळा, कधी कॅन्टीनसुद्धा वेगळं. आपल्या हातात कला असूनही मान मिळत नसेल तर करायचं काय, हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच पुण्यात एका माणसाला तो पडला होता. त्याचं नाव बाळू पालवणकर. भारताचा पहिला मोठा बॉलर म्हणून क्रिकेटच्या इतिहासात त्याची नोंद आहे.

मैदानावरचा नोकर

बाळूंचा जन्म 19 मार्च 1876 चा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातलं, चर्मकार समाजातलं. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. शिक्षण फार झालं नाही. पोटासाठी पारशी लोकांच्या क्लबात मैदान झाडायची, रोलर फिरवायची नोकरी धरली. पगार महिना 3 रुपये. पुढे 1892 च्या सुमारास गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे 4 रुपये मिळू लागले.

नेट लावायचं, पिच तयार करायचं आणि साहेबांना सराव म्हणून बॉल टाकायचे, असं ते काम. डाव्या हाताची फिरकी तिथेच घोटून तयार झाली. ग्रेग नावाचा एक नामी फलंदाज तासन्‌तास त्यांच्याकडून सराव करून घ्यायचा. आपल्याला आऊट केलं की दर वेळी आठ आणे बक्षीस द्यायचा, असं सांगतात. हिशोब करा, आठ वेळा आऊट केलं की महिन्याचा पगार वसूल! पण एवढी वर्षं घाम गाळूनही त्या क्लबात बाळूंच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. बॅटिंग साहेबानं करायची, बॉल नोकरानं टाकायचे.

मैदानात एकत्र, चहाला वेगळे

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूशिवाय ते जमणार नव्हतं. काही सभासदांनी जातीचा मुद्दा काढला, काहींनी बाळूंची बाजू घेतली. शेवटी त्यांना संघात घेतलं. बाळूंच्या बॉलिंगवर पुणेकरांनी पूना क्लबाला हरवलं, साताऱ्याच्या गोऱ्या संघालाही लोळवलं.

मात्र चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपात चहा घ्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. जेवणाचं ताटही वेगळं. विकेट सगळ्यांना हव्या होत्या, पंगतीला माणूस नको होता.

पुण्यात प्लेगची साथ आल्यावर बाळू मुंबईला गेले. तिथे रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याच्या संघात जागा मिळाली. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला 109 धावांनी हरवलं. गोऱ्यांचं राज्य असताना मिळालेला हा विजय देशभर गाजला. त्या संघात बाळूंसोबत धाकटा भाऊ शिवराम होता. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही मोठे खेळाडू झाले.

1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघाने सपाटून मार खाल्ला. पण पस्तिशीच्या बाळूंनी, खांदा दुखत असताना, त्या दौऱ्यात 114 विकेट घेतल्या. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यात तरुण भीमराव आंबेडकर पुढे होते.

भावांनी मैदानच सोडलं

एवढं सगळं करूनही कर्णधारपद मात्र दर वर्षी दुसऱ्याला जायचं. 1920 मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळलं. कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा अनुभवाने पुढे असलेल्या विठ्ठलला डावलून ती जागा पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिली.

आता भावांनी ठरवलं, बास. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. अपमान जातीमुळे झाला, हे त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं. हातात कुठला करार नव्हता, कोर्टाचा आधार नव्हता. खेळ तेवढा होता. तो देणं त्यांनी बंद केलं.

अशी जाहीर वाच्यता झाल्यावर मंडळींना नमतं घ्यावं लागलं. अंतिम सामन्याआधी तडजोड झाली. दोघे भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंच्या हुकमावर खेळला. वय तेव्हा 44 होतं.

पूर्ण हक्क मिळायला आणखी तीन वर्षं लागली. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली.

पुढचा प्रवास

बाळू नंतर राजकारणात उतरले. 1932 मध्ये मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांचे आणि डॉ. आंबेडकरांचे मार्ग वेगळे झाले. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. ज्यांनी सत्कार केला त्यांच्याच विरोधात उभं राहायची वेळ आली, हे अनेकांना आजही खटकतं.

4 जुलै 1955 रोजी बाळूंचं निधन झालं. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 विकेट त्यांच्या नावावर आहेत.

गावाकडे कबड्डी असो, क्रिकेट असो की कंपनीतली लाईन, कामाचा माणूस सगळ्यांना हवा असतो. पण त्याचा मान आपोआप येत नाही. पालवणकर भावांची एकी होती आणि त्यांच्याशिवाय संघाचं भागत नव्हतं, म्हणून 1920 मध्ये ते जिंकले. एकट्या बाळूंना वीस वर्षं विकेट घेऊनही ते जमलं नव्हतं.