दुधाळ इन्सुलिनचे जनक डॉ. हागेडॉर्न

पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या बाजूच्या एका वाडीतून एक आजी आमच्या ओपीडीत येतात. घरात फ्रिज नाही. इन्सुलिनची बाटली त्या डबीत घालून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवतात, आणि ते अगदी योग्यच आहे. तरीही त्यांची साखर कधी तीनशेच्या वर जायची, तर बाटली संपत आली की पहाटे दरदरून घाम फुटून हातपाय थरथरायचे. डोस तोच, जेवण तेच. शेवटी मी बाटली पाहायला मागितली. तळाशी पांढरा साका, वर नितळ पाणी. खालचं औषध नासलं असावं या समजुतीनं आजी बाटली न हलवता, अलगद वरचं नितळ तेवढंच ओढून घेत होत्या. साका उरायचा तो शेवटच्या दिवसांत एकदम पोटात टोचला जायचा. दोष त्यांचा नव्हता. बाटली कशी वापरायची हे आम्हीच कुणी धड सांगितलं नव्हतं.

तो साका म्हणजे औषधाचा मोठा भाग. त्याच्या नावातच तो घडवणारा माणूस आहे. एनपीएच इन्सुलिनमधला ‘एच’ म्हणजे हागेडॉर्न.

हान्स क्रिस्टियन हागेडॉर्न यांचा जन्म 1888 साली कोपनहेगनचा. 1912 मध्ये डॉक्टर झाल्यावर ते डेन्मार्कच्या जटलंड भागात ब्रांडे नावाच्या छोट्या गावी प्रॅक्टिस करू लागले. गावातले औषधविक्रेते बिर्गर नॉर्मन येन्सन यांना सोबत घेऊन त्यांनी थेंबभर रक्तातून साखर मोजण्याची पद्धत बसवली. ती 1918 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. आडगावचा डॉक्टर आणि औषधवाला हे काम करतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला जनावराच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला गेला. त्याच वर्षी डेन्मार्कचे नोबेलविजेते शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोघ अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर, आणि त्यांना मधुमेह होता. त्यांच्याच आग्रहामुळे क्रोघ टोरांटोला गेले आणि इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊन परतले. घरी येताच त्यांनी हागेडॉर्नना गाठलं. 1922 चा डिसेंबर संपायच्या आत दोघांनी गुरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढलं आणि मार्च 1923 मध्ये डॅनिश रुग्णांना ते मिळू लागलं. यातून नॉर्डिस्क ही प्रयोगशाळा उभी राहिली.

हागेडॉर्न स्वभावानं तापट. 1924 मध्ये त्यांनी थोरवाल्ड पेडरसन या रसायनतज्ज्ञाला कामावरून काढलं. मागोमाग भाऊ हाराल्डही नोकरी सोडून गेला आणि दोघांनी नोव्हो नावानं स्वतःचं इन्सुलिन काढलं. या दोन कंपन्या पुढे साठेक वर्षं एकमेकींशी झुंजल्या आणि 1989 मध्ये एक झाल्या.

पण इन्सुलिन मिळालं म्हणून सगळं सुटलं नव्हतं. त्या काळचं इन्सुलिन पाण्यासारखं नितळ. टोचलं की झटकन रक्तात उतरायचं आणि सहा-आठ तासांत संपायचं. दिवसाला तीन-चार सुया, त्याही काचेच्या सिरिंजनं, दर वेळी उकळून. लहान मुलांना मध्यरात्री झोपेतून उठवून टोचावं लागे. ते टाळलं तर सकाळी साखर चढलेली. हागेडॉर्न 1932 मध्ये सुरू झालेल्या स्टेनो मधुमेह रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर होते. ही दशा ते रोज पाहत होते.

त्यांनी उलटा विचार केला. इन्सुलिन शरीरात विरघळतं म्हणून लवकर संपतं. मग ते कातडीखाली विरघळूच नये, थोडं थोडं सुटत राहावं, असं काही करता येईल का? इन्सुलिन आम्लाकडे झुकणारं, तेव्हा त्याला जोड हवी ती अल्कली स्वभावाच्या प्रथिनाची. बरेच पदार्थ तपासल्यावर ते प्रथिन सापडलं रेनबो ट्राउट माशाच्या वीर्यात. त्याचं नाव प्रोटामिन. दोन्ही एकत्र आल्यावर पांढरा साका बसला. हे काम 1936 मध्ये प्रसिद्ध झालं.

खनिजाची भर मात्र टोरांटोहून आली. स्वादुपिंडात जस्त मुळातच भरपूर असतं. आपल्या पेशीही इन्सुलिन जस्तासोबत बांधूनच साठवतात. स्कॉट आणि फिशर यांनी हागेडॉर्नच्या मिश्रणात जस्त घातलं, तसं ते टिकाऊ झालं आणि त्याचा परिणाम दिवसाहून जास्त राहू लागला. गैरसोय एकच, पण मोठी. या इन्सुलिनमध्ये प्रोटामिन जादा असे. त्यात जेवणापुरतं नितळ इन्सुलिन मिसळलं तर जादा प्रोटामिन त्यालाही बांधून टाकी.

तो गुंता हागेडॉर्न यांच्या प्रयोगशाळेतल्या क्रायनब्यूल आणि रोझेनबर्ग यांनी 1946 मध्ये सोडवला. प्रोटामिन आणि इन्सुलिन अगदी मोजून, कुणीच शिल्लक राहणार नाही इतकंच घ्यायचं, सोबत किंचित जस्त. त्याचे बारीक स्फटिक बनले. हेच एनपीएच. यात नितळ इन्सुलिन खुशाल मिसळता येतं. आजींच्या बाटलीवरचं 30/70 म्हणजे तेच: 30 भाग नितळ, 70 भाग एनपीएच.

हागेडॉर्न 1971 मध्ये गेले. आता इन्सुलिन गुरांपासून काढत नाहीत, जनुकीय तंत्रानं बनवतात. प्रोटामिन मात्र अजून माशापासूनच येतं. नवी, महाग इन्सुलिनं आली, तरी सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर बहुतेकांच्या हाती पडते ती ही दुधाळ बाटलीच.

ती दोन्ही तळव्यांत धरून सावकाश दहा-पंधरा वेळा फिरवावी, सगळं औषध सारखं पांढरं दिसेपर्यंत. जोरानं हलवू नये, फेस येऊन डोस चुकतो. फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटलेले दिसले, तर ती बाटली वापरू नये. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि साधारण चार आठवड्यांनी नवी घ्यावी. नितळ इन्सुलिनचं मात्र उलटं आहे: ते ढगाळ दिसलं, तर ते खराब झालेलं असतं.